जुन्या गाडीला पाना आपण लावायचा की गॅरेजला न्यायची?

आमच्या घरात २००३ सालची स्प्लेंडर आहे. वडिलांची होती, आता माझ्याकडे आली. एमएच-११ चा नंबर, टाकीवर उजवीकडे एक पोचा. तिची कामं घरी करायची असं ठरवलं आणि पहिल्याच रविवारी इंजिनाच्या ड्रेन बोल्टचे आटे घालवले.

१७ नंबरचा रिंग पाना होता. ऑइल काढलं, बोल्ट परत लावला, हाताला बऱ्यापैकी घट्टही लागला. पण गळायला नको म्हणून पान्याला दीड फुटाचा पाईप अडकवून आणखी थोडा दाबला. घट्ट होत होत बोल्ट एकदम हलका झाला, लोण्यात फिरल्यासारखा. इंजिनात ऑइल नाही म्हणजे चालूही करता येईना. साताऱ्यातल्या गोडोलीतून ढकलत गॅरेजला नेली. मेस्त्रींनी खाली वाकून एकदा बोट लावलं.

"पाईप लावला हुता काय पान्याला?"

"हो, थोडाच."

"आवो, ॲल्युमिनियम हाय ते. लोखंड न्हवं."

त्यांनी नवे आटे पाडले, एक साइज मोठा बोल्ट बसवला आणि पैसे घेताना हसले. तेव्हापासून घरी कुठलंही काम काढायच्या आधी मी एकच गोष्ट बघतो: हे काम अर्ध्यावर अडलं, तर गाडी चालू होऊन गॅरेजपर्यंत जाईल का? त्या रविवारी उत्तर 'नाही' होतं आणि मी ते विचारलंच नव्हतं.

आधी कागद, मग पाना

आरसी बुक काढा. दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर ५ वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून ती वाढवून घ्यावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो. मुदत सहा महिन्यांत संपणार असेल तर आत्ताच चेन सेट, टायर, क्लच प्लेटा असा सगळा खर्च करण्यात अर्थ आहे का, हे घरात एकदा बोलून घ्या. फेरनोंदणी करायचीच असेल तर लाइट, हॉर्न, ब्रेक, इंडिकेटर नाहीतरी धड लागतात, तेव्हा कामाची सुरुवात तिथूनच होते.

दुसरा कागद म्हणजे गाडीबरोबर आलेलं छोटं पुस्तक. ते हरवलं असेल तर मिळवा. ऑइल किती, टायरमध्ये हवा किती, प्लगची फट किती हे आकडे त्यातूनच घ्या. शेजारच्याच्या गाडीचे आकडे आपल्या गाडीला लागू होत नाहीत.

गाडी कुठे फिरते ते बघा

साताऱ्यात हे महत्त्वाचं आहे, कारण एकाच जिल्ह्यात दोन हवामानं आहेत. मेढा, बामणोली, कासच्या बाजूला रोज जाणारी गाडी पावसाळ्यात चार महिने भिजते. चेन गंजते, केबली जड होतात, ब्रेकच्या ड्रममध्ये पाणी आणि चिखल जातो. दहिवडी-वडूजकडच्या गाडीला पावसाचा त्रास कमी, पण धुळीने एअर फिल्टर भरतो आणि गाडी पेट्रोल जास्त खायला लागते. पहिलीला तेलपाणी वारंवार लागतं आणि ते घरी सहज होतं. दुसरीचा फिल्टर तर पाच मिनिटांचं काम आहे. आपली गाडी यातली कोणती, हे कळलं की निम्मी यादी आपोआप ठरते.

यवतेश्वरचा घाट रोज उतरत असाल तर मात्र ब्रेकच्या बाबतीत माझ्यापेक्षाही भित्रे राहा.

काम तीन ढिगांत टाका

पहिल्या ढिगात अशी कामं, जी चुकली तरी गाडी अंगणातच उभी राहते किंवा हळूहळू गॅरेजला जाते. हवा तपासणं, चेन साफ करून तेल देणं आणि ताणणं, प्लग काढून घासणं, एअर फिल्टर झटकणं, क्लचची केबल बदलणं, बल्ब, फ्यूज, बॅटरीतलं पाणी. ही कामं नवशिक्याने बिनधास्त करावीत.

यातही चेनकडे नीट बघा. मेन स्टँडवर गाडी लावून खालची बाजू बोटाने वरखाली करा. साधारण दोन-तीन सेंटिमीटर खेळ असतो, नेमका आकडा पुस्तकातला. पण एकाच जागी मोजू नका, चाक फिरवत चार-पाच ठिकाणी बघा. जुनी चेन एकीकडे सैल आणि दुसरीकडे ताठ असते. ताणायची ती सर्वांत ताठ जागेच्या हिशोबाने, नाहीतर बेअरिंगवर ताण येतो. मागच्या चकतीच्या टोकाला चेन बोटांनी मागे ओढून पाहा. ती दातावरून उचलून अर्धा दात दिसायला लागला, किंवा दात कोयत्यासारखे एका बाजूला वाकलेले दिसले, तर ताणण्यात वेळ घालवू नका. चेन आणि दोन्ही चकत्या एकदमच बदला. तेल म्हणून नव्वद नंबरचं गिअर ऑइल चांगलं. इंजिनातून काढलेलं काळं ऑइल चेनवर ओतायची आपल्याकडे जुनी सवय आहे, पण त्यात धातूचा चुरा असतो. चेन ताणल्यावर मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत ना, हे बघा आणि मागचा ब्रेक पुन्हा लावून घ्या. चाक मागे सरकलं की तोही बदलतो.

दुसऱ्या ढिगात अशी कामं, जी जमतात, पण पहिल्यांदा कुणाच्या तरी नजरेखाली करावीत. ऑइल बदलणं, कार्बोरेटर साफ करणं, टॅपेट (म्हणजे व्हॉल्व्हची फट) लावणं, ड्रम ब्रेकचे शू.

ऑइलचं माझं झालं ते सांगितलंच. गाडी दोन-तीन मिनिटं चालू ठेवून मग ऑइल काढा, पातळ होऊन नीट निथळतं. बोल्टाखालचा वायसर नवा टाका. पाना साध्या हाताने दाबा, पाईप नको. बाटलीवर 'जॅसो एमए' लिहिलेलं बघून घ्या. या गाड्यांचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि कारचं ऑइल टाकलं तर तो घसरू शकतो. लेव्हल बघताना काडी नुसती टेकवायची, आट्यांत फिरवायची नाही. आमच्या स्प्लेंडरसारख्या गाडीला कागदी ऑइल फिल्टर नसतो. कचरा आत फिरणाऱ्या एका वाटीत साठतो आणि ती साफ करायला क्लचचं कव्हर उघडावं लागतं. ते काम मी मेस्त्रींवर सोडतो. काढलेलं ऑइल गटारात ओतू नका. कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या, त्यांच्याकडे ते न्यायला माणूस येतो.

कार्बोरेटर उघडायच्या आधी त्याच्या तळाचा छोटा स्क्रू सैल करून साठलेलं पेट्रोल बाटलीत काढा. बरेचदा पाण्याचा थेंब किंवा कचरा तिथेच निघतो आणि पुढचं काम वाचतं. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं, त्यामुळे महिनाभर उभ्या असलेल्या गाडीत हे हमखास बघावं. जुन्या रबरी नळ्याही याच वेळी दाबून बघा. कडक झालेली, तडे गेलेली नळी लगेच बदला, खाली इंजिन तापलेलं असतं. उघडायचाच असेल तर हवेचा स्क्रू काढण्यापूर्वी आत किती फेरे फिरतो ते मोजून लिहा आणि प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढा. या स्क्रूंची डोकी नरम असतात. चार पाकळ्यांचा झिजलेला स्क्रू ड्रायव्हर लावला की डोकं गेलंच म्हणून समजा.

टॅपेट इंजिन पूर्ण थंड असतानाच लावतात, पिस्टन वरच्या टोकाला आणून. फट मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी असते, तेव्हा फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, नसेल तर हात लावू नका. आवाज बंद करायच्या नादात लोक टॅपेट ताठ करतात. किंचित टिकटिक ऐकू आली तरी चालेल, ताठ टॅपेटने व्हॉल्व्ह जळतो.

शूचं काम करताना ड्रममधली धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.

तिसरा ढीग गॅरेजचा. क्लच प्लेटा, टायमिंग चेन, पिस्टन-रिंगा, हँडलचा कोन सेट, फोर्कचे सील, मॅग्नेटची कॉइल, डिस्क ब्रेकचं तेल. काहींना खास पुलर लागतो, काहींना प्रेस. आणि डिस्क ब्रेकमध्ये हवा राहिली तर ते अंगणात नव्हे, उतारावर कळतं. माझी गाडी चुकून बंद पडलेली चालेल, चुकून न थांबलेली नाही.

वेळ आणि सामान

रविवारी संध्याकाळी गाडी उघडू नका. सोमवारी सकाळी सात वाजता एमआयडीसीत हजेरी असेल आणि वायसर फुटला तर तेव्हा दुकान बंद. मी शनिवारी दुपारी सुरू करतो. पार्ट आधी आणून ठेवतो, जुना पार्ट दुकानात नेऊन शेजारी धरून बघतो. घरात दुसरी गाडी असेल तर धाडस थोडं वाढवायला हरकत नाही.

हत्यारांत आठ ते सतरा नंबरचे रिंग पाने, प्लगचा बॉक्स पाना, चांगले दोन स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, फीलर गेज. हत्यारांची स्वस्त पेटी घेण्यापेक्षा हे थोडेच पण बरे घ्या. पाना नटावर घसरला की बिल नटाचंच येतं.

मेस्त्रींशी नातं तोडू नका

घरी काम करायला लागलो म्हणून गॅरेज सुटत नाही, उलट बोलणं वाढतं. गाडी देताना आपण काय काय उघडलं होतं ते आधी सांगून टाका. ते लपवलं तर मेस्त्री भलतीकडेच दोष शोधत बसतात आणि तो वेळ आपल्याच बिलात येतो. काढलेले पार्ट परत मागा आणि बघा. काय झिजलं होतं ते हातात घेऊन कळतं. एका वहीत तारीख, किलोमीटर आणि काम लिहीत जा. माझ्या वहीत पहिल्याच पानावर 'ड्रेन बोल्ट, मोठा साइज' असं लाल पेनाने लिहिलंय, म्हणजे पुढच्या वेळी दुकानात चुकीचा मागायला नको.

या शनिवारी क्लचची केबल बदलायची आहे, लिव्हरजवळ तिच्या दोन तारा तुटल्यात. ते मी करेन. क्लच दाबून गिअर टाकला तरी गाडी किंचित पुढे सरकते तेही लक्षात आलंय, पण नव्या केबलने सुटलं नाही तर प्लेटा मेस्त्रींच्याच हातात.