गाऊटची गोळी मधेच बंद करताय? या चुका टाळा

रात्री दोनला बाबा पलंगावर उठून बसलेले, पायाचा अंगठा लालभडक, कातडी ताणून चकचकीत झालेली, पंख्याच्या वाऱ्याने चादर जरा हलून बोटाला लागली तरी कळवळायचे. ज्यांच्या घरी गाऊट, म्हणजे युरिक अॅसिड साचून सांधा सुजण्याचा आजार, आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. त्यानंतर आमच्याकडे ज्या चुका झाल्या त्या तुमच्याकडे होऊ नयेत म्हणून लिहितेय.

सगळ्यात मोठी चूक, अॅलोप्युरिनॉलला, म्हणजे गाऊटच्या रोजच्या गोळीला, पेनकिलर समजणं. ही गोळी दुखणं थांबवत नाही, ती रक्तातलं युरिक अॅसिड कमी करते, आणि ते उतरायला लागलं की सांध्यात साचलेले त्याचे बारीक खडे विरघळायला लागतात, त्यामुळे सुरुवातीचे काही महिने गाऊटचे अटॅक उलट जास्त येऊ शकतात. बाबांची गोळी सुरू होऊन महिना झाला नाही तोच घोटा सुजला, आम्ही म्हटलं गोळी बाधली, केली बंद. मग परत सुरू, परत बंद, असं वर्षभर. खरं तर म्हणूनच डॉक्टर 100 मिलिग्रॅम किंवा किडनी कमजोर असेल तर त्याहून कमी डोसपासून हळूहळू वाढवत नेतात आणि पहिले 3 ते 6 महिने बहुतेकदा सोबत अटॅक रोखणाऱ्या कोल्चिसिनचा छोटा डोस देतात. रोजची गोळी अटॅक आला म्हणून सोडायची नाही. पण अंगावर पुरळ, तोंडात फोड असं काही दिसलं तर मात्र लगेच थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, ती रिअॅक्शन जिवावर बेतू शकते.

रिपोर्टचंही तसंच. ऐन अटॅकमध्ये युरिक अॅसिड नॉर्मल येऊ शकतं, तेव्हा 2 आठवड्यांनी परत टेस्ट करा. आणि लॅबच्या कागदावर 7 पर्यंत नॉर्मल छापलेलं असलं तरी गाऊटवाल्यांना 6 च्या खाली राहायचंय, कारण 6.8 च्या आसपासच खडे धरायला लागतात.

आता पथ्य. आईने पहिल्या दिवशी तूरडाळ, पालक, टोमॅटो सगळं बंद केलं, आणि रविवारची कलेजी, सुकट, बांगडा तसंच चालू! डाळ-पालकाने गाऊटचा धोका वाढतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही, तो वाढतो कलेजी-वजडी, मटण, मासळी, बियर आणि गोड कोल्ड्रिंकने. दूध-दही बिनधास्त घ्या. कडकडीत उपास आणि पाणी कमी पिणं यानेही अटॅक येतो. पण नुसत्या पथ्याने आकडा जेमतेम एखाद्या पॉइंटने उतरतो, आठ-नऊवर असलेल्याला तेवढं पुरत नाही हो.

मेडिकलमधून स्वतःच्या मनाने डायक्लोफिनॅकसारखी पेनकिलर आणू नका, विशेषतः बीपी, किडनी किंवा अॅसिडिटीचा त्रास असेल तर. कोल्चिसिन जास्त घेतली की लवकर बरं वाटतं असंही नाही, जुलाब लागतात आणि डोस फारच चढला तर विषबाधा होते. डॉक्टरांना बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठीही दाखवा, त्यातल्या लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनी युरिक अॅसिड वाढतं, पण त्याही स्वतःहून बंद करू नका.

आणि सांधा सुजून थंडीताप भरला तर गाऊटच असेल म्हणून घरी थांबू नका, सांध्यात इन्फेक्शन झालं असेल तर एक दिवसही महागात पडतो.