भाववही: ठाणे-नवी मुंबईतील घरात किराणा आणि भाजीचा खर्च आटोक्यात कसा ठेवावा

यादी तीच, घरातली माणसे तेवढीच आणि किराण्याचे बिल मात्र मागच्या महिन्यापेक्षा जास्त, हा अनुभव आता कळव्यापासून कोपरखैरण्यापर्यंत प्रत्येक घरात येतो आहे. त्यातच महागाईचा दर उतरल्याची बातमी आली की घरच्या हिशेबात तो उतार कुठेच दिसत नाही म्हणून अनेकांना आपलेच काही चुकते आहे असे वाटू लागते. चूक त्यांची नसते. दर उतरला म्हणजे भाव उतरले असे नव्हे, तर भाव वाढण्याचा वेग मंदावला. जी वस्तू १०० रुपयांवरून वर्षभरात १०८ रुपयांवर गेली, ती पुढच्या वर्षी महागाईचा दर २ टक्के राहिला तरी ११० रुपयांच्या पुढेच जाणार. म्हणून जुने भाव परत येतील या आशेवर महिना न ढकलता कोणती वस्तू कधी, किती आणि कोणत्या मापाने घ्यायची, एवढ्याच गोष्टीवर लक्ष द्यावे. तेवढे आपल्या हाती आहे.

त्याची सुरुवात एका साध्या वहीपासून करावी. माझ्या घरी तिला भाववही म्हणतात. तिच्यात सगळा खर्च लिहायचा नाही, कारण सगळे लिहायला घेतले की पंधरा दिवसांत कंटाळा येतो. ज्या बारा-पंधरा वस्तूंवर महिन्याचा बहुतेक पैसा जातो तेवढ्याच घ्याव्यात: तांदूळ, गहू, तूरडाळ, तेल, साखर, चहा, शेंगदाणे, दूध, अंडी, कांदा, बटाटा, टोमॅटो आणि आपल्या घरात नेमाने लागणारी आणखी एखाद-दुसरी वस्तू. प्रत्येक वेळी तारीख, दुकान, वजन, दिलेले पैसे आणि किलोमागे पडलेला भाव एवढ्या पाच नोंदी कराव्यात. तीन महिन्यांत आपल्या भागातला प्रत्येक वस्तूचा नेहमीचा भाव डोळ्यांसमोर येतो आणि ‘आज स्वस्त आहे’ हे दुकानदाराने सांगण्याची गरज उरत नाही.

किलोमागचा भाव काढण्याची सवय सर्वांत जास्त उपयोगी पडते ती तेलाच्या पिशव्यांच्या बाबतीत. एक लिटर खाद्यतेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते. पूर्वी पिशवी घेतली म्हणजे ती लिटरचीच असे आपण धरून चालत होतो; आता ठरावीक मापांचे बंधन राहिलेले नसल्याने तेवढ्याच आकाराच्या दिसणाऱ्या पिशवीत ८०० किंवा ८५० ग्रॅम तेलही असू शकते. समजा, ८४० ग्रॅमची पिशवी १३५ रुपयांना आणि ९१० ग्रॅमची १४२ रुपयांना आहे. पहिली सात रुपयांनी स्वस्त वाटते, पण किलोमागे ती १६० रुपये ७० पैशांना पडते आणि दुसरी १५६ रुपयांना. कायद्याने आता पाकिटावर एकूण किमतीबरोबर ग्रॅममागची किंवा किलोमागची किंमतही छापावी लागते. ती बारीक अक्षरांत असते, पण असते. तुलना लिटरऐवजी वजनावर करावी, कारण तेलाचे आकारमान तापमानानुसार बदलते आणि वजन बदलत नाही.

तेलाचा भाव हलला की आपण कोपऱ्यावरच्या दुकानदाराला बोल लावतो, पण देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक आयात होते आणि आयात शुल्कातला फेरफार थेट आपल्या कढईपर्यंत पोहोचतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या पाम, सोयाबीन व सूर्यफूल तेलावरील मूळ शुल्क २० टक्के केले गेले आणि मे २०२५ अखेर ते १० टक्क्यांवर आणले गेले. भाव चढत असताना घाबरून सहा महिन्यांचे तेल भरून ठेवू नये. आपल्याकडच्या दमट हवेत ते खवट होते. दोन शेजाऱ्यांत मिळून १५ किलोचा एक डबा घेणे आणि दोन महिन्यांत संपवणे, एवढाच साठा हिताचा.

कराचीही एक बाब आहे. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या छापील वेष्टनातल्या पीठ, तांदूळ व डाळींवर ५ टक्के जीएसटी लागतो, तर सुट्या धान्यावर तो नाही. याचा अर्थ सुटे नेहमीच स्वस्त असा नाही, परंतु गहू सुटा घेऊन गिरणीत दळण दिल्यास किलोभर पीठ कितीला पडते हे गव्हाचा भाव, दळणाची मजुरी आणि गिरणीतली थोडी घट धरून एकदा काढून पाहावे. आमच्या घरी प्रत्येक वेळी दळणच स्वस्त पडले आहे आणि पोळ्याही मऊ होतात. तूप, लोणी आणि फरसाणावरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला, म्हणून त्यापूर्वीचे भाव वहीत असतील तर त्यांच्याशी आजच्या भावाची तुलना करताना ही तारीख ध्यानात असू द्यावी.

यानंतरची पायरी पंचांगाची आहे, आणि माझ्या मते खरी बचत याच ठिकाणी होते. कांद्याचेच उदाहरण घ्यावे. उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो, नाशिककडच्या कांदाचाळींत साठवला जातो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत तोच पुरवावा लागतो. तो संपत येतो आणि खरिपाचा लाल कांदा पावसाने लांबतो, त्या मधल्या आठवड्यांत भाव भडकतात. भाव भडकला की सरकार निर्यातीवर बंधने आणते. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क आले आणि डिसेंबरात निर्यातबंदी. त्याचा फटका लासलगावच्या शेतकऱ्याला बसतो, आणि आपल्या ताटातली स्वस्ताई कोणाच्या तरी तोट्यातून येते हे मनात ठेवूनच मी हे लिहिते आहे. आपण काय करावे, तर मेमध्ये उन्हाळ कांदा जास्तीचा घेऊन ठेवावा. तो ओळखायला सोपा आहे: रंग फिकट, साले कोरडी व एकावर एक, मान बारीक आणि घट्ट मिटलेली. गडद लाल, पातळ सालीचा, मानेशी ओलसर कांदा कितीही स्वस्त मिळाला तरी दोन-तीन आठवड्यांपेक्षा अधिक ठेवू नये.

टोमॅटो साठवता येत नाही, म्हणून त्याच्याशी वागण्याची रीत वेगळी आहे. जुलै २०२३ मध्ये तो किलोला शंभराच्या बराच पुढे गेला होता, आणि कमी-अधिक प्रमाणात पावसाळ्यात ही अडचण येतच राहते. अशा वेळी आमटीला आमसूल किंवा चिंच, भाजीला ताक किंवा दही वापरावे. आपल्या आज्यांचा बराचसा स्वयंपाक टोमॅटोवाचूनच होत असे. पावसाळ्यात पालेभाजीही कडाडते, परंतु त्याच दिवसांत येऊर, मुरबाड, शहापूरकडच्या आदिवासी महिला ठाणे स्टेशनाच्या परिसरात टाकळा आणि कुर्डूसारख्या रानभाज्या घेऊन बसतात. त्या निवडायला वेळ लागतो, पण चव आणि पोषण दोन्ही असते. त्यांच्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

सणवारांचा हिशेबही याच वहीत करावा. पितृपक्षात गवार, भेंडी, काकडी आणि लाल भोपळा महाग होतो, मार्गशीर्षातल्या गुरुवारांना फळे चढतात, श्रावणात कोंबडीची मागणी घटते आणि थंडीत अंड्यांचा भाव वाढतो. १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारी बंद असल्यामुळे ताजी मासळी महाग होते, म्हणून सोडे, सुकट, बोंबील मे महिन्यातच घेऊन, कडक उन्हे देऊन घट्ट डब्यात भरावेत.

आता तुर्भ्याविषयी. मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीचे कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला आणि धान्य हे पाच बाजार आपल्यापासून लोकलच्या अंतरावर आहेत. ठाण्याहून वाशी लोकलने तुर्भे किंवा सानपाड्याला उतरले की पुढे रिक्षा मिळते. पण एकट्या कुटुंबाने पाच किलो भाजीसाठी तिथे जाणे परवडत नाही, कारण तो गोणीचा बाजार आहे आणि वाचलेले पैसे रिक्षाभाड्यात जातात. भाजीसाठी ठाणेकरांना सकाळचा जांभळी नाका पुरेसा आहे. तुर्भ्याला वर्षातून दोनदाच जावे, एकदा धान्य व कांद्यासाठी आणि एकदा मिरची-मसाल्यासाठी, तेही तीन-चार घरांनी मिळून. गोणी घेताना वरचे कांदे पाहून भागत नाही. तोंड उसवायला सांगून हात कोपरापर्यंत आत घालावा आणि मधल्या थरातले चार-पाच कांदे बाहेर काढून दाबून पाहावेत. हाताला ओल लागली किंवा कुबट वास आला, तर ती गोणी सोडून द्यावी.

मिरचीची पारख त्याहून बारीक आहे. रंगासाठी ब्याडगी आणि तिखटासाठी संकेश्वरी किंवा लवंगी घेतली, तरी कसोटी एकच: मिरची मधोमध मोडून पाहावी. कट्‌कन तुटली आणि हलवल्यावर आतले बी खुळखुळले तर ती सुकी आहे. वाकली तर तिच्यात पाणी आहे आणि आपण त्या पाण्याचे मिरचीच्या भावाने पैसे देणार आहोत. देठासहित मिरची किलोमागे स्वस्त सांगतात, म्हणून गेल्या वर्षी आम्ही शेजारणींनी दोन्ही प्रकार थोडे थोडे घेतले, गच्चीत दोन दिवस वाळवून देठे खुडली आणि ती वेगळी तोलली. देठांचे वजन धरल्यावर दोन भावांतला फरक जवळजवळ उरलाच नाही, आणि खुडण्यात गेलेली दुपार वेगळीच. तेव्हापासून आम्ही देठ काढलेलीच घेतो आणि मिरची कुटून देणाऱ्या डंखावर नेण्यापूर्वी एक दिवस ऊन देतो.

हाच विचार रोजच्या भाजीलाही लावावा. पिशवीतल्या किलोचा भाव आणि कढईत पडणाऱ्या किलोचा भाव यांत फार अंतर असते. किलोभर मटाराच्या शेंगा सोलल्या की दाणे जेमतेम अर्धा किलो निघतात, म्हणजे ६० रुपये किलोचा मटार प्रत्यक्षात १२० रुपयांना पडतो. उलट कडधान्य वाढते: पाव किलो मटकी भिजवून मोड आणल्यावर साधारण दुप्पट भरते. वाढते ते पाणीच, पण चौघांना पोटभर उसळ होते आणि प्रथिने मिळतात ती वेगळीच. आठवड्यातून तीन दिवस मूग, मटकी, चवळी किंवा कडवे वाल लावले की भाजीचा खर्च ठळकपणे उतरतो.

दुधाचे गणित थोडे निराळे आहे. टोन्ड दुधात ३ टक्के, गायीच्या दुधात साधारण ३.५ टक्के आणि फुल क्रीममध्ये ६ टक्के स्निग्धांश असतो. म्हणजे टोन्डपेक्षा फुल क्रीमच्या लिटरमागे तीसेक ग्रॅम स्निग्धांश जास्त मिळतो. साय साठवून घरी तूप कढवत असाल, तर तीस ग्रॅम तुपाची किंमत आणि दोन पिशव्यांतला फरक समोरासमोर मांडून पाहावा. थोडा स्निग्धांश दुधातच राहतो हेही धरावे. साय काढत नसाल तर फुल क्रीमचा आग्रह सोडता येईल. मुलांचे दूध, अंडी, डाळ आणि एखादे फळ यांना मात्र कात्री लावू नये. काटकसर करायचीच तर ती बिस्किटे, फरसाण आणि घरपोच मागवण्याच्या शुल्कावर करावी.

एकत्र खरेदीसाठी इमारतीत शेजारी मिळत नसतील, तर १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीची पद्धत समजून घ्यावी. कुटुंबांचा संघ करायचा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवायची आणि आलेला माल सभासदांनीच वाटून घ्यायचा, अशी ती रीत आहे. यादी महिनाभर आधी करावी लागत असल्याने अनावश्यक खरेदी आपोआप गळते.

रेशनकडे पाठ फिरवू नये. शहरी भागात वार्षिक ५९,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेली कुटुंबे प्राधान्य गटात धरली जातात आणि त्यांना माणशी महिना ५ किलो धान्य मोफत मिळते. अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो. कार्ड गावाकडचे असले तरी ‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजनेत ते धान्य ठाण्यातल्या दुकानातून घेता येते, फक्त प्रत्येक सदस्याचे ई-केवायसी झालेले असावे. हे आपल्याला लागू नसेल, तर घरी कामाला येणाऱ्या ताईंना जरूर विचारावे. कार्ड गावी आहे म्हणून इथे महागाचा तांदूळ विकत घेणारी कितीतरी कुटुंबे आहेत.

मापाबाबत संकोच करू नये. मागे एका विक्रेत्याकडून घेतलेले दोन किलो बटाटे घरच्या काट्यावर पावणेदोन किलोच भरले होते. तेव्हापासून काटा शून्यावर आहे का हे मी आधी पाहते आणि टोपली ठेवून तोलत असतील तर तिचे वजन वजा करायला लावते. माप मारले जात असेल किंवा छापील किमतीपेक्षा जास्त मागत असतील, तर वैधमापन विभागाकडे किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

आणलेला माल आपल्या दमट हवेत टिकवायचा तर तांदूळ व डाळी मेच्या उन्हात वाळवून, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भराव्यात. डाळीला एरंडेल चोळावे आणि डब्यात वाळलेला कडुलिंबाचा पाला घालावा. पाऱ्याच्या गोळ्या टाकू नयेत, विशेषतः घरात लहान मुले असतील तर. कांदे बटाट्यांपासून दूर, वारा खेळेल अशा जाळीच्या टोपलीत पसरून ठेवावेत आणि दर रविवारी हात फिरवून कोंब आलेला किंवा मऊ पडलेला कांदा त्याच दिवशीच्या भाजीला घ्यावा. जो पूर्णच टाकावा लागला, त्याचे वजन भाववहीत त्या गोणीच्या नोंदीपुढे लिहावे, म्हणजे पुढच्या मेमध्ये गोणीत किती घरांनी वाटा घ्यायचा हे तिथेच दिसेल.