खाडा न पडता झालेली तपासणी

आमच्या शिवारात दर हंगामाला बीडकडून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. त्यांतील सहा महिन्यांची एक गरोदर स्त्री तपासणीला येईना, तेव्हा आशा कार्यकर्ती असूनही मी आधी तिलाच दोष दिला. तपासणी मोफत असली तरी तिचा दिवस मोफत नव्हता. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीची एक जोडी, आणि एकाने काम चुकवले की पडणारा खाडा, म्हणजे बुडालेल्या दिवसाचा दंड, उचलीत, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेच्या देण्यात, वाढणार. शिवाय माता-बाल संरक्षण कार्ड गावीच राहिल्याने एका केंद्रातून तिला परत पाठवले होते.

मी तिच्या गावच्या आशाताईंकडून फोनवर कार्डाची छायाचित्रे मागवली, त्यामुळे आधीच्या नोंदी हाती आल्या. मग आमच्या परिचारिकाताईंनी टोळी फडावरून परतल्यावर, संध्याकाळी कोपीवरच, म्हणजे त्यांच्या झोपडीवर, रक्तदाब, वजन आणि हिमोग्लोबिन पाहिले. हिमोग्लोबिन 8 निघाले, म्हणजे बरेच कमी. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला डॉक्टर तपासतात, त्या दिवशी मात्र रजा अटळ होती. टोळीच्या मुकादमाला पटवायला दोन फेऱ्या झाल्या आणि अखेर तिच्या जावेने तिच्या वाटच्या मोळ्या बांधल्या.

लोहाच्या गोळ्या आता रोज दोन आहेत. चहाबरोबर घेऊ नको, हे मात्र मला अजून दर खेपेला सांगावे लागते.