सॉसमध्ये घोळूनही न सादळणारं जनरल त्सो चिकन

अमेरिकेतल्या चायनीज टेकआउटमधून जनरल त्सो चिकन, म्हणजे तळून सॉसात घोळवलेले चिकनचे तुकडे, मागवलं, की ते कागदी खोक्यात बंद होऊन, गाडीच्या सीटवर पंधरा-वीस मिनिटं हिंदकळत घरी येतं. सॉस आधीच लावलेला असतो. तरीही पहिला तुकडा दाताखाली कुर्रकन वाजतो. आपली कांदाभजी कढईतून ताटात येईपर्यंत मऊ पडायला लागते आणि हे चिकन सॉसात न्हाऊनसुद्धा सादळत नाही, हे काय गौडबंगाल आहे? मी पहिल्यांदा घरी केलं तेव्हा चव जवळपास जमली, पण पाहुणे हात धुऊन बसेपर्यंत वरचं आवरण लगद्यासारखं सुटून सॉसात तरंगत होतं. पुढे पाच-सहा वेळा केल्यावर लक्षात आलं, की या पदार्थात सगळा झगडा पाण्याशी आहे. पीठ, तळण, सॉस, सगळीकडे एकच प्रश्न विचारायचा: इथलं पाणी कुठे जाणार?

कृतीआधी थोडं या नावाबद्दल. जनरल त्सो म्हणजे झुओ झोंगतांग (१८१२–१८८५), चीनच्या हुनान प्रांतातले छिंग राजवटीचे सेनापती. त्यांनी हे चिकन कधी चाखलेलं नाही. पदार्थ आहे पेंग चांग-कुई या हुनानी आचाऱ्याचा. १९४९ साली चीनच्या राष्ट्रवादी सरकारबरोबर ते तैवानला गेले आणि तिथे १९५०च्या दशकात सरकारी मेजवान्यांसाठी त्यांनी हा पदार्थ बसवला. तो आंबट, खारट, तिखट होता, गोड अजिबात नव्हता. न्यूयॉर्कचे आचारी टी. टी. वांग यांनी तैवानची राजधानी तैपेईत तो पाहिला, १९७२च्या सुमारास आपल्या रेस्टॉरंटात आणला, वरचं आवरण कुरकुरीत केलं आणि सॉसात साखर घातली. १९७३ साली पेंग स्वतः न्यूयॉर्कला पोचले, तोवर त्यांच्याच पदार्थाची गोड आवृत्ती तिथे रुळू लागली होती. गंमत म्हणजे याच सुमारास, १९७५ साली, कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे नेल्सन वांग मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मंच्युरियनला जन्म देत होते. दोन देशांत तळलेल्या चिकनचे दोन अवतार, आणि चीनमधल्या माणसाला दोन्ही अनोळखी. फरक एवढाच, की मंच्युरियनचा तुकडा ग्रेव्ही पिऊन मऊ झाला तरी चालतो, किंबहुना तसाच आवडतो. जनरल त्सोला ते चालत नाही.

साहित्य (चार माणसांसाठी)

इथे मोठा चमचा म्हणजे १५ मिली आणि छोटा चमचा म्हणजे ५ मिली.

मुरवायला: ५०० ग्रॅम चिकन लेग बोनलेस, १ अंड्याचा पांढरा भाग, २ मोठे चमचे लाइट सोया सॉस, १ मोठा चमचा व्होडका, १ मोठा चमचा कॉर्नफ्लॉवर.

कोरड्या पिठाला: १०० ग्रॅम कॉर्नफ्लॉवर, ६० ग्रॅम मैदा, अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा छोटा चमचा मीठ.

सॉसला: ३ मोठे चमचे लाइट सोया सॉस, २ मोठे चमचे राइस व्हिनेगर, ४ मोठे चमचे साखर, ४ मोठे चमचे चिकन स्टॉक किंवा पाणी, २ छोटे चमचे कॉर्नफ्लॉवर, १ छोटा चमचा भाजक्या तिळाचं तेल.

परतायला: ८ ते १० सुक्या लाल मिरच्या, ४ लसूण पाकळ्या, इंचभर आलं, ४ कांद्याच्या पाती. तळायला साधारण लिटरभर रिफाइंड तेल.

आता या यादीत ठेच कुठे लागते ते सांगतो. नुसतं ‘बोनलेस’ म्हटलं, की चिकनवाला बहुतेक वेळा छातीचं मांस देतो. ते दोनदा तळल्यावर चोथा होतं. मांडीचं मांस चरबीमुळे रसाळ राहतं, म्हणून ‘लेग बोनलेस’ असं ठासून सांगा.

कॉर्नफ्लॉवर म्हणजे आपल्याकडे मिळतं ते पांढरंशुभ्र, बोटांत चुरचुरणारं मक्याचं स्टार्च. अमेरिकेत राहणाऱ्यांनी दुकानात ‘कॉर्नस्टार्च’ मागावं. तिथे ‘कॉर्न फ्लोअर’ नावाने जे मिळतं ते दळलेल्या मक्याचं पीठ असतं, त्याने आवरण खरखरीत होतं.

तिळाच्या तेलाचंही तसंच. आपलं घाण्याचं तिळतेल कच्च्या तिळाचं असतं, त्याला तो खमंग वास नाही. इथे गडद तपकिरी, भाजलेल्या तिळाचं तेल लागतं. नसेल तर घाण्याचं तेल घालण्यापेक्षा तेल वगळा आणि शेवटी भाजलेले तीळ सढळ हाताने भुरभुरा. राइस व्हिनेगर नसेल तर साधं पांढरं व्हिनेगर एक मोठा चमचा आणि तेवढंच पाणी. आपलं साधं व्हिनेगर फार झोंबरं असतं. मिरच्या बेडगी घ्या, रंग सुरेख येतो. त्यात दोन-तीन लवंगी टाकल्या की तिखटाचंही भागतं. आणि घरात डार्क सोया असेल तर सगळीकडे तोच ओतू नका, सॉस डांबरासारखा दिसेल. एक छोटा चमचा पुरे, बाकी लाइट.

मुरवणं

चिकनचे साधारण ३ सेंटिमीटरचे तुकडे करा आणि धुतले असतील तर अक्षरशः एकेक तुकडा टिपून कोरडा करा. पाण्याशी पहिली झुंज इथेच. मग मुरवायचं सगळं साहित्य चोळून अर्धा तास झाकून फ्रिजमध्ये ठेवा. सोयातलं मीठ आत शिरतं आणि तळताना मांसातला रस टिकून राहतो. अंड्याचा पांढरा भाग पिठाला धरून ठेवतो. व्होडका कशाला, तर अल्कोहोल पाण्याहून लवकर उडतं आणि मैद्यातलं ग्लुटेनही फारसं ताणू देत नाही, त्यामुळे आवरण हलकं होतं. चव मागे राहत नाही. तरीही घरात चालत नसेल तर वगळा, पदार्थ अडत नाही.

आलं-लसूण पेस्ट मात्र इथे घालू नका. हात आपोआप त्या बरणीकडे जातो, माझाही गेला होता. पेस्टमध्ये पाणी असतं आणि तिचे कण तेलात चिकनच्या आधी करपतात.

पीठ लावणं

परातीत कोरडं पीठ एकत्र करा. नुसतं कॉर्नफ्लॉवर वापरलं तर आवरण पांढुरकं आणि काचेसारखं कडक होतं. नुसत्या मैद्याने चिवट होतं. दोन्ही मिळून रंगही येतो आणि कुरकुरीतपणाही. बेकिंग पावडरमुळे बारीक बुडबुडे धरतात.

आता मुरवलेल्या चिकनच्या भांड्यात सुटलेला रस दोन-तीन मोठे चमचे भरून या पिठात शिंपडा आणि शंकरपाळ्याच्या पिठाला मोहन चोळतो तसं बोटांनी चोळा. रस कमी पडला तर चमचाभर पाणी घ्या. पिठात लहान-लहान गोळ्या दिसायला लागतील. त्या मोडू नका! याच गोळ्या तुकड्याला चिकटून खडबडीत कंगोरे तयार करतात. सॉस त्या खाचाखोचांत बसतो आणि उंचवटे कोरडे राहतात. गुळगुळीत आवरणावर सॉस सगळीकडे सारखा पसरतो आणि मग सगळंच एकदम मऊ पडतं.

चार-पाच तुकडे एका वेळी पिठात टाकून मुठीने दाबून दाबून पीठ बसवा, जास्तीचं झटका, ताटलीत सुटे मांडा. दहा मिनिटं तसेच राहू द्या, म्हणजे पीठ ओलावा धरून घट्ट बसतं आणि तेलात सुटत नाही.

पहिलं तळण

खोल कढईत तेल घ्या, अर्ध्याच्या वर नको. तापमान साधारण १७० अंश सेल्सियस. थर्मामीटर नसेल तर पिठाची एक गोळी टाका: तळाशी जाऊन दोन-तीन सेकंदांत बुडबुड्यांसकट वर आली की तेल तयार. लगेच वर उसळून लाल झाली तर जास्त तापलंय, तळाशी बसून राहिली तर थांबा.

एका घाण्यात आठ-दहाच तुकडे. थंड चिकन एकदम पडलं की तेल निवतं आणि मग तुकडे तळले न जाता तेल पितात. पहिलं अर्धं मिनिट झारा लावू नका, आवरण अजून कच्चं असतं. नंतर हलवत चार मिनिटं तळा. फिकट सोनेरी दिसले की काढा. आतून पूर्ण शिजलेलं हवं: सर्वात जाड तुकडा कापला तर कुठे गुलाबी दिसू नये, थर्मामीटर असेल तर मध्यभागी ७४ अंश.

तुकडे जाळीवर काढा. पेपर नॅपकिनवर नाही. कागद तेल टिपतो हे खरं, पण तुकड्याच्या खालून निघणारी वाफ तिथेच कोंडते आणि बूड ओलं होतं. केक गार करायची जाळी नसेल तर पुरणाची मोठी चाळण उलटी घातली तरी काम होतं.

सॉस

चिकन जाळीवर विसावतंय, तेवढ्यात सॉस करून घ्या. हा क्रम उलटा करू नका; तळलेलं चिकन सॉसची वाट पाहत बसता कामा नये.

सॉसचं साहित्य वाडग्यात साखर विरघळेपर्यंत ढवळून ठेवा. पसरट कढईत मोठा चमचाभर तेल मंद आचेवर तापवा, मिरच्या टाका. फुगून गडद लाल झाल्या पाहिजेत, काळ्या नाही. काळी पडलेली मिरची अख्खा सॉस कडू करते आणि खोकल्याने स्वयंपाकघर रिकामं होतं ते वेगळं. मग बारीक चिरलेलं आलं, लसूण आणि पातीचा पांढरा भाग मिनिटभर परता. वाडग्यातलं मिश्रण पुन्हा तळापासून ढवळून ओता, कारण कॉर्नफ्लॉवर खाली बसलेलं असतं. आच मध्यम करून मिनिट-दीड मिनिट उकळा.

किती दाट? चमच्याच्या पाठीला चिकटला पाहिजे आणि त्यावर बोट फिरवल्यावर रेघ तशीच राहिली पाहिजे. चकचकीत, पातळसर पाकासारखा. पातळ सॉसातलं मोकळं पाणी सरळ आवरणात शिरतं. माझा पहिला प्रयत्न तिथेच बुडाला. फार आटला तर तुकडे एकमेकांना लाडवासारखे चिकटतात, तेव्हा चमचाभर गरम पाण्याने सैल करा. मीठ घालू नका, सोयात भरपूर असतं. गॅस बंद करा.

दुसरं तळण

आता तेल १९० अंशांपर्यंत तापवा. धूर यायला लागला तर जास्त झालं. पहिल्या तळणानंतर तुकडे विसावत असताना आतला ओलावा हळूहळू बाहेरच्या थरात येतो, म्हणून पाच-दहा मिनिटांनी हात लावला तर आवरण थोडं नरम लागतं. घाबरू नका, ते हवंच आहे. बाहेर आलेलं हे पाणी दुसरं तळण हाकलून देतं.

दीड-दोन मिनिटं, तेवढंच. इथे डोळ्यांपेक्षा कान उपयोगी. तेलाचा चरचराट म्हणजे पाणी वाफ होऊन निघण्याचा आवाज. तो मंदावला, तुकडे झाऱ्यावर एकमेकांवर आपटून खडखडले आणि रंग खमंग बदामी दिसला की लगेच उपसा.

ते एक मिनिट जाळीवर निथळू द्या, तोवर सॉस पुन्हा गरम करा. आच बंद करून तुकडे आत टाका आणि वीस सेकंद वरखाली घोळवा. उकळत्या सॉसात शिजवत बसायचं नाही. भाजक्या तिळाचं तेल मिश्रणात घातलं नसेल तर या क्षणी घाला, वास जास्त टिकतो. पातीचा हिरवा भाग आणि तीळ पेरा. अख्ख्या मिरच्या वासासाठी आहेत, मुलांच्या ताटात जाण्याआधी वेचून काढा.

सोबत साधा मोकळा भात आणि वाफवलेली ब्रोकोली. फ्राइड राइस केला तर सोयावर सोया होतो, असं मला वाटतं.

याच चिकनवर मिरच्या गाळून, मध आणि जास्तीचे तीळ घातले की सेसमी चिकन. सॉसात संत्र्याचा रस आणि किसलेली साल घातली की ऑरेंज चिकन. पांडा एक्सप्रेस या अमेरिकन चायनीज रेस्टॉरंट-साखळीच्या मेन्यूवर ते १९८७ साली आलं. साल किसताना खालचा पांढरा भाग येऊ देऊ नका, कडवटपणा त्यातच असतो.

पाहुणे येणार असतील तर पहिलं तळण सकाळी उरकून, गार झालेलं चिकन फ्रिजमध्ये ठेवा. ऐनवेळी अर्धा तास आधी बाहेर काढून दुसरं तळण करा. कुठे डब्यातून न्यायचं असेल तर घट्ट झाकणाचा डबा टाळा. अमेरिकेतलं ते घडीचं कागदी खोकं, ज्याचं पेटंट १८९४ साली शिकागोत निघालं, ते मुळात कालवं न्यायला केलेलं होतं. त्याच्या घड्या वरून हवाबंद बसत नाहीत, त्यामुळे वाफेला वाट मिळते. आपण स्टीलच्या डब्याचं झाकण तिरपं ठेवावं, किंवा सॉस वेगळ्या डबीत नेऊन तिथे घोळवावं. पावसाळ्यात तर मी सॉस वेगळाच नेतो. उरलेलं चिकन मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, आतल्या पाण्याची वाफ होऊन आवरण लिबलिबीत होतं. २०० अंशांच्या ओव्हनमध्ये जाळीवर आठ-दहा मिनिटं किंवा एअर फ्रायरमध्ये १९० अंशांवर पाच मिनिटं. पहिल्या दिवसासारखं वाजत नाही, पण सॉस कडांना थोडा चिक्कीसारखा होतो आणि तेवढ्यासाठी मी चार तुकडे मुद्दाम मागे ठेवतो.