पाण्यावरची पानगळ टिपताय? या चुका टाळा

पहिली चूक कॅमेऱ्याची नाही, कॅलेंडरची. ऑक्टोबर लागला की मोबाईलवर काश्मीरचे लालभडक चिनार फिरायला लागतात आणि साताऱ्यातली हौशी मंडळी कॅमेरा खांद्याला लावून निघतात. तेव्हा आपल्याकडे झाडं हिरवीगार असतात आणि नदीचं पाणी बऱ्याचदा गढूळ. आपली पानगळ शिशिरातली, साधारण जानेवारी ते मार्च. देशी बदामाचं पान लाल होऊन गळतं, पिंपळाचं पिवळं पडून. महाबळेश्वरच्या सदाहरित रानात उगाच पायपीट करू नका. वाईचे घाट, संगम माहुली, लिंबची बारा मोटेची विहीर, कुठेही जा. पाणी संथ हवं आणि वर पान गाळणारं झाड हवं.

बाकी फोटो फसतो तो बहुतेक वेळा एकाच कारणानं: पाण्याचं नेमकं काय दाखवायचं, हे ठरलेलं नसतं. पाण्यात तळ दिसतो, वरचा तरंग दिसतो आणि आभाळाचं प्रतिबिंबही दिसतं. डोळा त्यातलं हवं ते उचलतो, कॅमेरा मात्र सगळ्याची खिचडी करतो.

इथे पोलरायझर, म्हणजे लेन्सवर बसवायचा चमक कमी करणारा फिरता फिल्टर, कामाला येतो, आणि इथेच घोळही होतो. कडी फिरवायची ती चमक पुरती जाईपर्यंत, अशी बऱ्याच जणांची सवय असते. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांच्या कोनातून बघितलं तर चमक जवळपास सगळी जाते. अगदी सरळ वरून बघितलं तर कडी कितीही फिरवा, फरक पडत नाही. पण सगळी चमक गेली की पान तरंगतंय की चिखलात पडलंय तेच कळेनासं होतं. पानावरची पांढरी झाक जाऊन शिरा दिसायला लागल्या की हात थांबवा. थोडं आभाळ पाण्यात राहू द्या. या फिल्टरमुळे १ ते २ स्टॉप उजेड कमी होतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), तेव्हा शटरच्या वेगाकडे लक्ष हवं. वाहतं पान गोठवायचं तर १/२५० सेकंदाच्या वेगाखाली जायला मी तयार नसतो.

पान धूसर आणि पाण्यातली फांदी मात्र स्पष्ट, हे कसं होतं? पान तुमच्यापासून ३ फुटांवर असतं. प्रतिबिंबातली फांदी मात्र कॅमेऱ्याच्या हिशेबानं तुमच्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर अधिक पाण्यापासून फांदीपर्यंतचं अंतर, म्हणजे सहज २० फुटांवर. ऑटोफोकस ठळक फांदी पकडतो. एकच फोकस बिंदू निवडून तो पानाच्या कडेवर ठेवा. मोबाईलवर पानावर बोट दाबून धरलं की फोकस लॉक होतो. दोन्ही हवं असेल तर लेन्सचं छिद्र बारीक करा, एफ ११ च्या पुढे जा, तरी जवळून टिपताना पुरेलच असं नाही.

उथळ पाण्यात पानाऐवजी त्याची सावलीही बघा. पानाच्या काठाशी पाणी वाकतं, त्यामुळे तळावरच्या सावलीला बऱ्याचदा उजेडाची बारीक किनार असते. एवढ्यावरच अख्खी फ्रेम उभी राहते. मधोमध एक पान ठेवण्यापेक्षा कितीतरी बरी.

विहिरीतलं पाणी काळं. कॅमेरा ते उजळायला जातो आणि पिवळं पान पांढरंफटक होतं. कॅमेऱ्याचं एक्स्पोजर (उजेडाची भरपाई) उणे १ करून बघा. पाण्यात पांढरं आभाळ असेल तर उलटं.

घाटावर पानांच्या जोडीनं निर्माल्य आणि प्लास्टिक असतंच. पिशवी फोटो काढण्याआधी हातानं बाजूला करा; तरंगांवरची पुसलेली जागा एडिटिंगमध्ये सहज लपत नाही. झेंडू मात्र मी हटवत नाही, कृष्णाकाठचा फोटो आहे तो.

एडिटिंगमधला सगळ्यात मोठा शत्रू सॅच्युरेशनची, म्हणजे रंग गडद करायची, पट्टी. ती सगळेच रंग ओढते, पाणीही निळंजांभळं होतं. फक्त पिवळा आणि नारिंगी घ्या, त्यातही आधी ल्युमिनन्स, म्हणजे त्या रंगाचा उजळपणा, हलवा. पिवळ्याचा ह्यू (रंगछटा) लालाकडे सरकवून पिंपळाचा चिनार करू नका. आपली पानगळ पिवळी, तपकिरी, तांबूस. ती तशीच देखणी आहे. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाचा तोल, ऑटोवर सोडला तर सावलीतला निळेपणा कमी होतो आणि पिवळं पान उठून दिसायचं थांबतं. तो ५५०० केल्व्हिनच्या, म्हणजे दिवसाच्या उजेडाच्या, आसपास ठेवून सुरुवात करा. क्लॅरिटी (बारकावे ठळक करणारी पट्टी) अख्ख्या फोटोला लावली की पाणी मळकट दिसतं. पानाचा मास्क करून, म्हणजे फक्त पान निवडून, ती तेवढ्यापुरती लावा.

आणि संगणकावर छान दिसणारा फोटो मोबाईलवर फिका पडत असेल तर एक्स्पोर्टचा कलर स्पेस, म्हणजे फाइलमधले रंग कोणत्या मोजमापानं साठवलेत ते, तपासा. तो अ‍ॅडोब आरजीबी राहिला असेल, तर एसआरजीबी करा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो आकसून जातो आणि पानाच्या शिरा पुसट होतात.