या चुका टाळा: टोळक्यांत ओढल्या जाणाऱ्या मुलांना व्यापाऱ्यांनी हात देताना

मुलगा चार दिवस दुकानात येतो, पाचव्या दिवशी पुन्हा नाक्यावर दिसतो. गोव्यात म्हापसा असो वा फोंडा, तक्रार हीच. चूक बहुधा पहिल्याच दिवशी झालेली असते: त्याच्या हाती झाडू आणि चहाची किटली दिलेली असते. टोळक्यात त्याला नाव असते, बाइकवर मागची जागा असते. इथे फुकटचा हेल्पर म्हणून राबवले तर तो टिकेल कशाला?

हार्डवेअरचे दुकान असेल तर त्याला स्टॉक रजिस्टर द्या. पाइप जोडायचे पाऊण इंची एल्बो, टी, कपलर मोजून लिहू दे. वहीतला आकडा आणि खोक्यातला माल जुळला नाही तर गफलत त्यानेच शोधायची, तुम्ही शेजारी बसायचे. गल्ला मात्र बराच नंतर. सुरुवातीलाच गल्ल्यावर बसवले आणि पैसे कमी भरले, तर संशय त्याच्यावरच जातो आणि नाते तिथेच तुटते.

वय आधी तपासा. १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही. १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याचे काम नाही. इतर कामही विश्रांतीसह दिवसाला ६ तासांच्या आत, आणि संध्याकाळी ७ ते सकाळी ८ मुळीच नाही. पण अड्डा जमतो तो सातनंतरच! ती वेळ दुकानाने नव्हे, मैदानाने भरायची. गावच्या फुटबॉल क्लबला बॉल, बूट आणि प्रशिक्षकाचे मानधन द्या.

टोळक्याची उधारी रोख फेडू नका. एकदा पैसे मिळाले की मागणी वाढते. म्होरक्याला स्वतः गाठून दम देऊ नका, मार मुलालाच बसतो. धमकी असेल तर पालकांना घेऊन पोलीस ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे जा, किंवा १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावा. मुलांना बेकायदा कृत्यांसाठी वापरणाऱ्या प्रौढाला बाल न्याय कायद्यात ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. मुलावर गुन्हा नोंद असेल तर सत्काराचे फोटो, नाव छापणे टाळा. त्याची ओळख उघड करणे हाही गुन्हा आहे.

सुरुवात पावसाळ्यात करा. पर्यटनाच्या हंगामात मालकाला मान वर करायला फुरसत नसते, आणि दुर्लक्ष झाले की मुलगा निसटतो. म्हणून जुन्या विश्वासू कामगाराला जोडीला नेमा. मुलगा सलग दोनदा गैरहजर राहिला तर निरोप न पाठवता त्या कामगारानेच मुलाच्या घरी जावे, आणि जाब न विचारता आधी विचारावे, "बाबा, जेवलास काय?"