शिवीवर फुल्या मारल्या की चालतं का?

सोपी टेस्ट आहे, पोस्ट करायच्या आधी फुल्या मनातल्या मनात काढा आणि वाक्य समोरच्याच्या तोंडावर बोलून बघा, जमत नसेल तर फुल्यांनी काही फरक पडत नाही, कारण वाचणारा तो शब्द पूर्णच वाचतो. "तू मू*ख आहेस" यातली फुली नक्की कोणापासून काय लपवते सांगा बरं! फसतो तो फक्त शिव्या आपोआप अडवणारा साइटचा फिल्टर, आणि त्याला तसंही अर्थ कळत नाही, १९९६ मध्ये एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीच्या फिल्टरने इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्पच्या लोकांना अकाउंटच उघडू दिलं नव्हतं, का तर गावाच्या नावात एक शिवी दडलेली. म्हणून फिल्टरमधून सुटलं म्हणजे चालतं असं धरू नका, अक्षरांत स्पेस टाकून किंवा आकडे घुसवून लिहिलं तर उलट मुद्दाम केलंय हेच दिसतं.

"च्या*ला, फाईल उडाली" हे वेगळं, तिथे कोणी टार्गेट नाही, फुली मारा नाहीतर नका मारू. दुसऱ्याने दिलेली शिवी रिपोर्ट करताना मात्र फुल्या जरूर वापरा, तिथे त्या खरंच कामाच्या. जातीवरून किंवा बाईमाणसावरून असलेले शब्द तर फुल्यांसकट खोडा आणि राग कशाचा आलाय ते सरळ लिहा.